उत्तर टांझानिया: ज्वालामुखीची राख, मसाईंची गुरे आणि विल्डबीस्टचे कळप

रानवाट (धागालेखक)

आफ्रिकेच्या सफारीविषयी आपल्याकडे जी चौकशी होते ती बहुधा ‘बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा) किती दिवसांत दिसतील’ इथून सुरू होते, आणि मसाईंच्या वस्तीची तासाभराची भेट कार्यक्रमाच्या शेवटी, विमान पकडण्याआधीचा वेळ भरून काढण्यासाठी घातलेली असते. नोकरीच्या निमित्ताने अरुशा शहरात राहत असताना मला हा टापू निरनिराळ्या ऋतूंत पाहता आला. त्यातून बनलेले मत येथे मांडतो. सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि नेट्रॉन सरोवर या पट्ट्यात रानातली जनावरे आणि गुरे पाळणारी माणसे एकाच गवतावर जगत आली आहेत. त्यामुळे सहल आखताना ‘प्राणी’ आणि ‘संस्कृती’ असे दोन कप्पे केले, तर दोन्हींचा मोठा भाग नजरेतून निसटतो.

फेब्रुवारीचेच उदाहरण घेऊ. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी, शिंगे असलेली मोठी हरिणे) सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आसपासच्या आखूड गवताच्या मैदानांवर उतरतात, आणि बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात. एवढ्या लांबून इथेच येण्याचे कारण जमिनीत आहे. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर येऊन या मैदानांवर साचत गेली. तिच्याखाली जो कठीण थर तयार झाला त्यातून झाडांची मुळे खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून इथे झाडोरा जवळजवळ नाही. गवतात मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतो, आणि पाजत्या मादीला तेच हवे असते. शिवाय मोकळ्या माळावर सिंह किंवा चित्ता दुरूनच दिसतो. पाऊस संपला की डबक्यांतले पाणी आटते, उरलेले खारट होते आणि कळप पश्चिमेकडे व नंतर उत्तरेकडे सरकू लागतात.

मादी विताना दिसली, तर गाडीचे इंजिन बंद करून अंतरावर थांबावे. पाडस ओल्या अंगाने जमिनीवर पडते, पुढचे पाय रोवून उठायला जाते, तोंडावर आपटते आणि पुन्हा धडपडते. सहा-सात मिनिटांत ते उभे राहते आणि त्यानंतर थोड्याच वेळात आईच्या बगलेला लागून पळूही लागते. जवळपास ठिपकेवाले तरस बसलेले असतात. त्यांना पाडस मिळाले नाही तरी विल्यानंतर पडणारी वार मिळते, त्यामुळे ते सहसा उपाशी उठत नाहीत.

आता गंमत अशी की, वर्षातले सर्वांत सकस गवत ज्या दिवसांत इथे उगवलेले असते, नेमके त्याच दिवसांत मसाई आपली गुरे या मैदानांपासून दूर, डोंगराकडच्या चराईवर नेतात. विल्डबीस्टच्या पाडसांपासून गुरांना होणारा एक जीवघेणा आजार हे त्याचे कारण आहे. मंचावर पशुवैद्यक आहेत, त्यांनी त्याविषयी लिहावे अशी विनंती करतो.

न्गोरोंगोरोचे विवर सर्वांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात लिहितो. ज्वालामुखीचा माथा आत कोसळून ते तयार झाले. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, खोली ६०० मीटरच्या आसपास. तळावर काळा गेंडा दिसण्याची शक्यता चांगली असते, जिराफ मात्र तिथे नाहीत, आणि हत्ती दिसले तर ते बहुधा मोठे नर असतात. गर्दीच्या महिन्यांत एका सिंहाभोवती पंधरा-वीस गाड्या उभ्या असतात, हेही आधीच सांगितलेले बरे.

माझ्या पसंतीचा मार्ग असा आहे: अरुशा, कराटू, न्गोरोंगोरो, न्डुटू, आणि तिथून परत फिरून म्टो वा म्बूवरून उत्तरेला एन्गारुका व नेट्रॉन. हा शेवटचा टप्पा धुळीचा आणि खडबडीत असल्यामुळे बहुतेक तयार कार्यक्रमांतून गाळलेला असतो. वाटेत एन्गारुका येथे दगडी बांधांचे आणि पाटांचे जुने अवशेष आहेत. तिथली शेतकरी वस्ती काही शतकांपूर्वी उठून गेली. ज्याला साहसाची हौस आहे त्याने विवरातला एक दिवस कमी करून तो नेट्रॉनला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोठा

रानवाट यांनी हाक दिली आहे, म्हणून माझ्या व्यवसायापुरते लिहितो.

त्या आजाराला मॅलिग्नंट कॅटऱ्हल फीव्हर म्हणतात. त्याचा विषाणू विल्डबीस्टच्या अंगात कायमचा वस्तीला असतो आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. पाडसे पहिल्या काही महिन्यांत नाकाडोळ्यांच्या स्रावातून तो विषाणू मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकतात. तो गवतावर पडतो आणि तिथे चरणाऱ्या गाईला त्याची लागण झाली, तर ती जवळजवळ हमखास दगावते. विषाणूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी मसाई गुराख्यांनी पाडसे आणि हा आजार यांचा संबंध ओळखला होता, आणि आजही पाडसांचा कोवळा रंग बदलून ती गडद होईपर्यंत गुरे त्या माळावर जाऊ द्यायची नाहीत, असा त्यांचा हिशेब असतो. याची किंमतही त्यांना मोजावी लागते, कारण उंचावरच्या दमट चराईवर गोचिडांपासून होणारे आजार अधिक असतात.

दुसरी गोष्ट बुळकांड्याची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची. आपल्याकडे खेड्यांतल्या जुन्या माणसांना या रोगाचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो. १८८७ च्या सुमारास एरिट्रियात इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाला, शिरला. ती गुरे हिंदुस्थानातून नेलेली होती, असे अनेक इतिहासकार लिहितात. पुढच्या दहा वर्षांत तो थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचला. पूर्व आफ्रिकेत मसाईंचे गोधन जवळजवळ संपले, त्यापाठोपाठ दुष्काळ आणि देवी आल्या, माणसे मेली. रानातले विल्डबीस्ट आणि रानरेडेही त्याच रोगाने मेले, आणि पुढची कित्येक दशके त्यांची पाडसे त्याला बळी पडत राहिली.

१९५० नंतर या भागातल्या गुरांना पद्धतशीर लस टोचली गेली. विल्डबीस्टना कोणीही लस दिली नव्हती, पण गुरांमधला रोग हटल्याबरोबर रानातलाही हटला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांवर गेली. म्हणजे दूरचित्रवाणीवर आपण ज्याला आदिम निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहतो, त्या आजच्या स्थलांतराच्या आकारामागे गुरांच्या लसीकरणाचा मोठा वाटा आहे. २०११ मध्ये बुळकांड्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. १९९४ मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ आली आणि सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. हा मूळचा कुत्र्यांचा आजार आहे. त्यानंतर उद्यानाभोवतीच्या गावांमधल्या कुत्र्यांना लस देण्याचे काम सुरू झाले. तिथल्या एखाद्या खेड्यात लसीसाठी रांगेत धरलेली कुत्री दिसली, तर तेही वन्यजीव संरक्षणाचेच काम आहे, हे लक्षात असू द्यावे.

सातवीण

दोन्ही प्रतिसाद फार उपयुक्त आहेत. आम्ही काही मैत्रिणी पुढच्या वर्षी जाण्याचा विचार करीत आहोत. सह्याद्रीत नियमित चढाई होते, त्यामुळे नेट्रॉनजवळचा ओल दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी चढता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे. आम्हाला पाडसांचा हंगामही पाहायचा आहे. या दोन्ही गोष्टी एका सहलीत बसतील काय? आणि नेट्रॉनला रोहित पक्षी केव्हा असतात?

कातळकडा

सातवीण, लेंगाईची उंची २,९६२ मीटर असली तरी त्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. पायथा सखल असल्यामुळे दीड हजार मीटरहून अधिक चढण एका दमात चढायची असते, म्हणजे बारी गावातून कळसूबाईला जितके चढावे लागते त्याच्या दुपटीच्या जवळपास. वाटेत पाणी नाही, सावली नाही, आणि वरच्या अर्ध्या भागात उतार इतका तीव्र होतो की हातांचा आधार घ्यावा लागतो. चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करतात, कारण सूर्य वर आल्यावर त्या उघड्या राखेवर थांबणे असह्य होते. पाच-सहा तासांत माथा येतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला दमापेक्षा पायांखालची जमीन अडचणीची वाटेल. आपला पाय कातळावर विश्वास ठेवायला शिकलेला असतो. इथे मात्र कुठे भुसभुशीत राख, तर कुठे राखेचाच घट्ट झालेला गुळगुळीत थर असतो, आणि उतरताना दोन्ही सारखेच फसवे ठरतात. जाड हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, बुटात राख शिरू नये म्हणून गेटर, कपाळावरचा दिवा आणि माणशी तीन-चार लिटर पाणी एवढे हवेच. गुडघ्यांचे दुखणे असेल तर जाऊ नये.

फेब्रुवारीत पाऊस झाला असेल तर वाट निसरडी होते. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चढाईसाठी चांगला, पण तेव्हा पाडसे नसतात. दोन्ही एकाच सहलीत हवे असल्यास न्डुटू आधी करा, नेट्रॉनला एक दिवस राखीव ठेवा आणि चढायचे की नाही, हे एन्गारे सेरो गावातल्या वाटाड्यांवर सोडा. ते नाही म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

थोडे भूशास्त्र लिहिण्याचा मोह आवरत नाही. आपल्या दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ११०० अंश सेल्सियसला वितळलेल्या अवस्थेत वाहिला. लेंगाईचा लाव्हा पाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यानच बाहेर येतो, कारण त्यात सिलिका नगण्य आणि सोडियम व पोटॅशियमची कार्बोनेटे प्रमुख आहेत. नॅट्रोकार्बोनाटाइट नावाचा असा लाव्हा ओकणारा दुसरा जागृत ज्वालामुखी जगात नाही. बाहेर येताना तो काळपट आणि तापलेल्या इंजिन ऑइलइतका पातळ असतो, आणि हवेतली ओल शोषून काही दिवसांतच पांढरा पडतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला माथ्यावर बर्फ असल्याचा भास होतो. २००७-०८ च्या स्फोटांनंतर माथ्यावर उभ्या भिंतींचे खोल विवर तयार झाले आहे. त्याची कड अरुंद आणि ठिसूळ आहे. छायाचित्रासाठी तिथे ओणवे होऊ नका.

रोहित पक्ष्यांविषयी: नेट्रॉनला जो लहान रोहित आहे तोच ठाण्याच्या खाडीत आपल्याला दिसतो, मात्र खाडीवर येणारे थवे आपल्या उपखंडातले, त्यांचा नेट्रॉनशी संबंध नाही. पूर्व आफ्रिकेतल्या लहान रोहितांचे नियमित प्रजनन फक्त नेट्रॉनमध्ये होते. पाणी इतके दाहक असते की घरट्यांपर्यंत पोहोचण्याचे धाडस शिकारी प्राणी करीत नाहीत, आणि आपणही करू नये. पक्षी काठावरून दुरून पाहायचे असतात. घरटी आत, चिखलाच्या सपाटीवर असतात. सरोवराच्या दक्षिणेला कडक झालेल्या राखेत उमटलेले मानवी पायांचे ४०० हून अधिक प्राचीन ठसेही आहेत. ते पाहायला गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा.

उंबरठा

निसर्गाविषयीची माहिती उत्तम आहे, पण धाग्यात संस्कृतीचा उल्लेख आला म्हणून एक अप्रिय प्रश्न विचारतो. गाडीतून उतरायचे, लाल शुका (मसाईंचे अंगावर घ्यायचे वस्त्र) पांघरलेल्या तरुणांच्या उंच उड्या पाहायच्या, त्यांच्याबरोबर छायाचित्र काढायचे, पैसे द्यायचे आणि निघायचे, यात माणसांचे प्रदर्शन मांडण्यापलीकडे काय आहे? ज्या लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हलवले गेले, त्यांच्याविषयी पर्यटकाला काही सांगितले जाते काय?

रानवाट

उंबरठा, प्रश्न अप्रिय असला तरी रास्त आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण पहिला त्यावर अवलंबून आहे.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झाले. १९५९ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने मसाईंना उद्यानाच्या हद्दीतून बाहेर काढले आणि त्याच वर्षी न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र वेगळे करून, तिथे वन्यजीव आणि पशुपालक दोघेही राहतील, असे ठरवले. त्या काळासाठी ही कल्पना अनोखी होती. पुढे तिथली वस्ती काही हजारांवरून एक लाखाच्या घरात गेली, शेतीवर बंदी आली, विवराच्या तळावर गुरे नेणेही थांबवण्यात आले. २०२२ पासून सरकार लोकांना टांगा प्रांतातल्या म्सोमेरा गावी स्थलांतरित करीत आहे. सरकारच्या मते ते ऐच्छिक आहे. शाळा, दवाखाने आणि इतर सेवा आखडत नेऊन आम्हाला हुसकावले जात आहे, असे अनेक मसाईंचे म्हणणे आहे. जून २०२२ मध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी सीमा आखताना पोलीस आणि रहिवाशांमध्ये संघर्ष झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाईंनी न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर निदर्शने केली, आणि सफारीच्या गाड्यांना तिथून वाट काढावी लागली. पर्यटकाला हे कोणी आपणहून सांगत नाही. गाडीचालकाला मात्र चारचौघांत याविषयी खोदून विचारू नये. त्याचा परवाना आणि पोट त्यावर अवलंबून असते.

आता भेटीविषयी. मुख्य रस्त्यालगतच्या ज्या वस्त्यांमध्ये गाड्यांची रांग लागते तिथे उंबरठा म्हणतात तसेच घडते, आणि दिलेल्या पैशांपैकी किती घरांपर्यंत पोहोचतात ते समजायला मार्ग नसतो. एन्गारे सेरोसारख्या गावात मुक्काम केला, वाटाड्या तिथलाच घेतला आणि सकाळी गुरे बाहेर पडण्याच्या वेळी किंवा संध्याकाळी ती परतण्याच्या वेळी वस्तीवर गेलात, तर निराळे चित्र दिसते. वस्तीभोवती बाभळीच्या फांद्यांचे काटेरी कुंपण असते. घरे स्त्रिया बांधतात, काठ्यांच्या सांगाड्यावर शेण आणि माती लिंपून. सारवण फुटले की पुन्हा हात फिरवतात. दूध काढण्याचे कामही त्यांचेच. मण्यांचे दागिने थेट त्या स्त्रियांकडून घ्यावेत, फार घासाघीस करू नये. लहान मुले वडीलधाऱ्यासमोर आली की मान खाली घालून उभी राहतात आणि मोठ्या माणसाने त्यांच्या डोक्यावर हात टेकवायचा असतो. तुमच्यासमोर असे मूल आले, तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी ते करावे.

छायाचित्रासाठी विचारणे आवश्यकच आहे, आणि नकार मिळाला तर विषय तिथेच संपवावा. ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नये.

मधपोळे

एयासी सरोवराकाठच्या हाड्झा लोकांचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. हे शिकार करून आणि कंदमुळे, फळे, मध गोळा करून जगणारे लोक आहेत. संख्या हजार-बाराशेच्या आसपास, आणि त्यांतलेही थोडेच आता पूर्णपणे रानावर जगतात. त्यांच्या भाषेत जिभेने काढलेले टक्-टक् आवाज आहेत, पण तिचे दुसऱ्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. बाणांची लोखंडी टोके ते शेजारच्या दातोगा लोहारांकडून घेतात.

त्यांचे हनीगाइड नावाच्या पक्ष्याशी असलेले संबंध मला सर्वांत विलक्षण वाटतात. माणूस शीळ घालतो, पक्षी ओरडत पुढे उडतो, झाडावर थांबतो, पुन्हा उडतो आणि पोळ्यापर्यंत नेतो. माणसाला मध मिळतो आणि पक्ष्याला मेण, कारण मेण पचवणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी तो एक आहे. मात्र या भागीदारीविषयी लिहिताना लोक फार हळवे होतात. अभ्यासकांनी असेही नोंदवले आहे की हाड्झा अनेकदा उरलेले मेण जाळून किंवा पुरून टाकतात, म्हणजे पक्षी भुकेला राहून पुढचेही पोळे दाखवील.

पर्यटकांच्या रोजच्या भेटी, हाती येणारा रोख पैसा आणि त्याबरोबर वाढलेली दारू यांनी या लोकांचे नुकसान केले आहे. त्यामुळे तिथे जावे की नाही, याविषयी माझे मन अजून ठरत नाही. जायचेच असेल तर ‘शिकार दाखवा’ असा आग्रह धरणाऱ्या मोठ्या गटाबरोबर नक्कीच जाऊ नये.

आजोळ

माझी आई सत्तरीची आहे आणि शुद्ध शाकाहारी आहे. तिला विवर आणि न्डुटू दाखवायचे आहे. खाण्यापिण्याचे, लसीचे आणि थंडीचे काय करावे?

रानवाट

आजोळ, खाण्याची काळजी फारशी नको. अरुशात भारतीय दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. मुक्कामी आधी कळवले तर भात, चपाती, राजम्यासारखी माहारागे नावाची उसळ आणि पालेभाजी मिळते. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आईंना आवडेलच असे नाही, पण पोट भरते. मेतकूट आणि लोणचे बरोबर असू द्यावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांत भरा.

पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य होते. मुंबईहून जाणारी पुष्कळशी विमाने अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात आणि इथिओपिया व केनिया पीतज्वराच्या यादीत आहेत. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सवलत मिळू शकते, पण तो निर्णय तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचा असल्याने ती गृहीत धरू नये. साठीनंतर या लशीच्या दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे आईंच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. लस देता येत नसेल तर तसे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे लागते. मलेरियाच्या गोळ्यांविषयीही त्याच वेळी विचारा. कपडे खाकी किंवा फिक्या मातकट रंगाचे असावेत. निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्से-त्से माशा ओढल्या जातात आणि त्यांचा चावा कपड्यातूनही लागतो.

विवराच्या कडेची उंची २,२०० मीटरहून अधिक आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे रात्री कडाक्याची थंडी असते, फेब्रुवारीत शाल आणि स्वेटर पुरतो, पण सकाळी धुके इतके दाट असते की समोरची गाडी दिसत नाही. आईंना उंचीचा त्रास होत असेल तर मुक्काम कड्यावर न करता कराटूला करा. ते बरेच खाली आहे. विवरात उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आणि वळणांचा आहे, म्हणून त्यांना चालकाशेजारी पुढे बसवा. आणि न्डुटूला सफारी कंपनीला सांगून दुपारची फेरी टाळा. त्या वेळी प्राणी आणि माणसे दोन्ही सावली शोधत असतात.